दहा वर्षांची व्यवस्था

"सर्व्हर कुठे ठेवायचे ते नंतर बघू," धाकटी म्हणाली. "ते कोणाच्या हातात असतील, हे आधी ठरवू."

टेबलाभोवती कुजबुज चालली होती ती थांबली. मास्तरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला.

अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं ते सॉफ्टवेअर. कोणीही फुकट घ्यावं, जमलं तर त्यात भर घालावी. देशोदेशीचे स्वयंसेवक ते लिहीत होते. पण ज्या मशीनवर त्याचा संसार होता, ती एका कॉलेजच्या तळघरात दाटीवाटीनं उभी होती आणि त्यांचे पासवर्ड, सुरुवातीपासून ती सांभाळणाऱ्या, एकट्या मास्तरांकडे होते. आता कॉलेजला तळघर रिकामं करून हवं होतं. पुढची दहा वर्षं निभेल अशी नवी व्यवस्था आखायची होती. त्यासाठी हे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या संस्थेच्या चिटणीसबाईंनी धाकटीला बोलावलं होतं.

हे नाव ती कॉलेज संपवून इथं आली तेव्हाचं. आता केसांत पांढरं दिसायला लागलं होतं आणि एका मोठ्या कंपनीचे सर्व्हर तिच्या शब्दावर चालत होते.

मधल्या काळात ती इथं फिरकलीही नव्हती. याच टेबलाशी एकदा मास्तर चारचौघांत म्हणाले होते, "हिला मशीन देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत." मजकूर वाचून दाखवण्यासाठी लोकांनी खपून नोंदवलेले आवाज त्या आठवड्यात मशीनवरून पुसले गेले होते. पुसणारी कमांड मास्तरांनीच दिली होती. खापर फुटलं तिच्या डोक्यावर. अनोळखी माणसं तिला मेल लिहून शिव्या घालायची. एका म्हाताऱ्या अंध बाईनं फक्त एवढंच विचारलं होतं, "माझा वाचणारा कुठे गेला गं?" शिव्या ती विसरली. हे नाही विसरली.

"अजून ते डोक्यात आहे तुझ्या?" बोलावणं आलं तेव्हा नवऱ्यानं विचारलं होतं.

"डोक्यात नाही. हाडात आहे."

मशीनशी मात्र तिचं वैर नव्हतं. सुट्ट्या घालवून तिनं आराखडा केला तो चोख होता. दोन वेगळ्या गावांत मशीन, तिसरीकडे सगळ्याच्या प्रती. एक बंद पडलं तर दुसऱ्यानं आपोआप भार उचलायचा. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. सूड होता तो शेवटच्या कलमात, आणि आज ती ते मोठ्यानं वाचत होती.

"दहा वर्षं एकाच माणसावर पूर्ण जबाबदारी. आणि ज्याच्या हातून पूर्वी माहिती पुसली गेली आहे, त्यानं यापुढे मशीनला हात लावायचा नाही."

"मग तूच बाद झालीस की," कोणीतरी हसलं.

धाकटी हसली नाही. "मास्तर, त्या दिवशी कमांड कोणी दिली होती?"

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, मग तिच्याकडे पाहिलं.

"मी," ते म्हणाले.

एवढी वर्षं ज्या शब्दासाठी ती जळत होती, तो इतका छोटा असेल असं तिला वाटलं नव्हतं. टेबलाभोवती माना वळल्या. मघाशी हसलेला माणूस खाली बघू लागला.

"माझं आयुष्य गेलं यात," मास्तर पुटपुटले.

"म्हणूनच आता सोडा."

"आणि सांभाळणार कोण?"

"मी."

"तुला झेपायचं नाही. चार दिवसांत टाकून पळशील."

"दहा वर्षं सांभाळून दाखवीन. तुमच्या नाकावर टिच्चून."

"तोंडानं कोणीही म्हणेल."

"लेखी देते."

तिनं तिथल्या तिथे सही केली. मास्तर जड पावलांनी उठले. पासवर्डची वही त्यांनी तिच्या हवाली केली. ती ते डोळे भरून पाहत होती. घरी जाताना तिनं मिठाई घेतली.

मशीन हलली, नव्या जागी सुरळीत चालू लागली. मग फोन वाजायला लागला.

मशीनचे फोन थोडे होते. आराखडा खरंच चोख होता. माणसांचे मात्र संपेनात. दोन देशांतले दोन स्वयंसेवक एका स्वल्पविरामावरून हातघाईवर आले, आणि दोघांनाही तिनंच आपली बाजू घ्यायला हवी होती. परीक्षेच्या सकाळी एका अंध विद्यार्थिनीच्या मशीनवरचा वाचणारा आवाज बंद पडला. नणंदेच्या लग्नात ती जिन्याखाली बसून टाइप करत होती. "घास तरी गिळ," नवरा म्हणायचा. पण सोडायची सोय नव्हती. तिनं सोडलं असतं तर मास्तर जिंकले असते.

एका दुपारी मेलची जुनी यंत्रणा अडली. ती मास्तरांनी कशी जुळवली होती ते त्यांनाच ठाऊक. बराच वेळ झटल्यावर धाकटीनं अभिमान गिळला आणि त्यांना फोन लावला. उचलला मास्तरांच्या बायकोनं.

"वहिनी, मास्तरांना देता जरा?"

"ते तळ्यावर पोहायला गेलेत गं. फोन घरीच टाकून जातात आता. काय छान झोपतात, काय जेवतात! दहा वर्षांनी लहान दिसायला लागलेत."

"माझ्यावर रागावले असतील ना? मी सगळ्यांसमोर त्यांना..."

"रागावतील कशाला?" वहिनी मनापासून हसल्या. "कित्येक वर्षं हे लोढणं कोणाच्या तरी गळ्यात बांधायला बघत होते, पण कोणी जवळ येईना. शेवटी तेच चिटणीसबाईंना म्हणाले, धाकटीला बोलवा. हात जोडून दिलं तर ती ढुंकूनही बघणार नाही. पण माझ्याकडून हिसकावून घ्यायला मिळतंय म्हटल्यावर धावत येईल."