नापास फोल्डर

मिनल मागे येऊन उभी राहिली, तसं गणराजनं लॅपटॉपवरचं चटकन मिटवलं.

"काय चाललंय?"

"काही नाही मॅडम. पुढच्या माणसासाठी हँडओव्हर लिहितोय."

मिनलच्या मनात पाल चुकचुकली. हँडओव्हर कुणी लपवून लिहितं का?

चिंचवडच्या त्या छोट्या कंपनीत एकच प्रोग्रॅम बनत होता आणि मिनल त्याची टीम लीड होती. चाकणचे कारखाने गाड्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग आणि तपासणीचे दाखले परदेशी पाठवतात. फाइल ठरलेल्या नियमांत बसली नाही, तर तिकडून तशीच परत येते. हा प्रोग्रॅम आधीच तपासून सांगायचा, फाइल पास की नापास.

आता प्रोग्रॅमचीही परीक्षा घ्यायला नको का? त्यासाठी 'नापास' नावाचा एक फोल्डर होता. त्यातल्या प्रत्येक फाइलीत मुद्दाम एकेक खोट ठेवलेली. कुठे फॉन्टच गायब, कुठे तारीख उलटी, कुठे फाइलीचं शेपूट तोडलेलं. रोज सकाळी प्रोग्रॅमनं त्यातली एकूण एक फाइल नापास करायची, म्हणजे सगळं ठीक.

सोमवारपासून त्यातल्या काही पास व्हायला लागल्या. रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त.

शुक्रवारी चाकणचा सगळ्यात मोठा ग्राहक प्रोग्रॅम बघायला येणार होता. नियमांचा सगळा कोड गणराजचा, आणि गणराज नोटीस पिरियडवर. पुढच्या आठवड्यात हिंजवडीच्या नव्या कंपनीत रुजू व्हायचं म्हणून त्यानं मारुंजीत खोलीसुद्धा घेऊन ठेवली होती. जाताजाता काडी लावून चाललाय, मिनलला वाटलं. याला आपण हाताला धरून शिकवलं! तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

तिनं सायलीला हळूच विचारलं. सायली टीममध्ये नवीनच. आधी चाकणला एका स्कॅनिंगच्या कंपनीत फाइली नीटनेटक्या करायची. मान वर न करता काम करणारी मुलगी.

"गणराज सर? ते लवकर येतात मॅडम. मी येते तेव्हा बसलेलेच असतात. काल स्वतःशीच म्हणत होते, असं होऊच शकत नाही."

म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, हे नक्की. गुरुवारी सकाळी तिनं गणराजला केबिनमध्ये बोलावलं.

"कोडला हात लावायचा नाही, असं सांगितलं होतं मी."

"लावला नाही मॅडम. नुसता वाचतोय. तुम्ही चिडाल म्हणून बोललो नाही."

"मग चूक सापडली?"

"नाही. मॅडम, एकदा त्या फाइलीच उघडून बघू या का?"

"फाइलींना काय झालंय? वर्षानुवर्षं त्याच आहेत त्या. विषय बदलू नकोस, गणराज."

गणराज गप्प बसला. गप्प बसणारा माणूस काहीतरी दडवतोच, असं मिनलचं मत होतं.

दुपारी एचआरनं त्याचा लॅपटॉप काढून घेतला आणि रिलीव्हिंग लेटर थांबवलं. त्या लेटरशिवाय नवी कंपनी त्याला दारात उभं करणार नव्हती. सिक्युरिटीचे धोंडीबा वर आले.

"चला साहेब. बॅग दावावी लागंल, नियम हाय."

"मॅडम, निदान लेटर तरी द्या," गणराज म्हणाला. "घरी काय सांगू मी?"

मिनलनं मान फिरवली. लिफ्टचं दार बंद झाल्यावर तिला जरा मोकळं वाटलं. आता सोमवारच्या आधीचा, धड चालणारा जुना प्रोग्रॅम टाकला की झालं.

तिनं तो टाकला आणि फोल्डरवर चालवला. जुन्या प्रोग्रॅमनंही जवळजवळ सगळ्या फाइली पास केल्या. तिनं पुन्हा चालवला. पुन्हा पास. एकच तेवढी नापास.

ती स्क्रीनकडे बघत असतानाच सायली दारात आली. चेहरा नुसता फुललेला.

"मॅडम, मी रुजू झाले त्या दिवशी तुम्ही मला शिकायला दिलेला तो 'नापास' फोल्डर! किती वर्षं खराब फाइली तशाच पडल्या होत्या त्यात. एकच राहिली होती, तीपण आत्ता दुरुस्त केली."