हिरव्या शालूचं कार्ड

शाल्मलीच्या कानामागे क्लासने चिप बसवली, तेव्हाच सरांनी तिच्या आईला, सुचेताला बजावलं होतं, "जे कार्डावर नाही, ते ही चिप डोक्यातून पुसून टाकते. अभ्यासाला जागा नको का? घरचं काही राखायचं असेल, तर त्याचीही कार्डं करा आणि रोज उजळणी घ्या."

म्हणून सुचेता रोज संध्याकाळी गठ्ठा घेऊन लेकीसमोर बसायची. रसायनशास्त्राच्या कार्डांमध्ये तिने स्वतःचाही एक फोटो चिकटवून घातला होता. लग्नातला, हिरव्या शालूतला. त्यात आपण बऱ्या दिसतो, एवढाच विचार तिने केला होता.

परीक्षा आठवड्यावर आली होती. शाल्मलीचं एकही उत्तर चुकत नव्हतं. हिरव्या शालूचं कार्ड वर आलं, तसा सुचेताचा हात थबकला.

"आई," शाल्मली चटकन म्हणाली.

सुचेताचा जीव भांड्यात पडला. कार्ड गठ्ठ्याखाली सारून तिने पदराने डोळे टिपले.

शाल्मली ओशाळून तिच्याकडे बघत राहिली.

"काकू, तुम्ही रडताय का?" तिने हळूच विचारलं. "पुढचं दाखवा ना. आई यायच्या आत मला गठ्ठा संपवायचाय."