एकसुळ्याचा जुना वाचक

सातवं कार्ड टेबलावर आपटून मालक म्हणाले, "हा काही आता गप्प बसत नाही, बाई."

कार्ड त्यांच्याच प्रकाशनाचं होतं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कार्ड शिवलेलं असायचं, पत्ता छापलेला, तिकीट लावायची गरज नाही. वाचकाने फाडायचं, मत लिहायचं आणि पेटीत टाकायचं. एका प्रतीत एकच कार्ड. राक्षसांच्या फौजेवरच्या त्या कादंबरीचा दुसरा भाग येऊन तीन महिने झाले होते आणि कार्डांचे गठ्ठे येत होते. राक्षसांनाच नायक करताय, आता आमची पोरं नखं कापू देत नाहीत, असं एका आईचं गाऱ्हाणं होतं. एका मुलीला फौजेच्या सरदारासारखा, एकसुळ्यासारखा मोठा भाऊ हवा होता. एका निवृत्त फौजदारांनी लढाईचा नकाशाच चुकीचा ठरवला होता. ही सगळी मतं संपादिका घरी नेऊन दोन-दोनदा वाचायची. शिव्यासुद्धा तिला गोड लागत.

लागणारच. दुसरा भाग तिनेच लिहिला होता.

मुखपृष्ठावर नाव मूळ लेखकाचं, सरांचं, आतलं अक्षर न् अक्षर तिचं. पहिला भाग पुलावरच्या लढाईत संपवून सर दुसऱ्याला हात घालणार, तोच त्यांना झटका आला. अर्धं अंग लुळं पडलं, वाचा गेली, स्वतःचं नावही आठवेना. इकडे वाचक पुढचा भाग मागत राहिले. मालकांनी गळ घातली, सरांच्या बायकोने, काकूंनी, होकार दिला आणि ही लिहायला बसली. तिघांखेरीज कुणाला पत्ता नव्हता. लेखकाच्या वाट्याच्या दहा प्रती तिनेच घरी नेऊन दिल्या होत्या. एक सरांच्या मांडीवर ठेवली, तर ते चित्रातल्या सुळ्यांकडे बघत राहिले. तिला तिथे बसवेना. त्यानंतर तिने त्या घराची पायरी चढायचं टाळलं होतं.

आणि मग हा माणूस उपटला. सही एकच, 'एक जुना वाचक'.

पहिल्या कार्डावर होतं, "एकसुळ्या कधी कुणाची माफी मागत नाही. इथे तीनदा मागतो." दुसऱ्यावर, "राक्षस दाराकडे पाठ करून झोपत नाहीत. लेखकाला एवढंही आठवत नाही?" चौथ्यावर तर सरळच, "हे त्या माणसाने लिहिलेलं नाही. तो जिवंत आहे ना? खरं सांगा."

अक्षर वेडंवाकडं, ओळी उतरत गेलेल्या. ओळख लपवायला मुद्दाम डाव्या हाताने लिहितोय, असं मालकांचं ठाम मत होतं. शिवाय सात कार्डं म्हणजे सात प्रती घेतल्या पठ्ठ्याने. खोड काढायला सात प्रती घेणारा माणूस साधासुधा नव्हे, कुणीतरी हात धुऊन मागे लागलंय. तिसरा भाग तिने लिहून हातावेगळा केला होता आणि सोमवारी तो छपाईला जायचा होता. हा गृहस्थ पेपरात गेला तर तिसरा भाग विसरा, मालकांनी तिला स्वच्छ सांगितलं, आणि सगळं तुमच्यावरच शेकेल.

तिने सातवं कार्ड उचललं. त्यावर लिहिलं होतं,

"एकसुळ्याचा सुळा लढाईत तुटला नाही. आई आत अडकली होती, ते दार उचकटताना तुटला. हे कुणी काढलं?"

हे तिनेच काढलं होतं. पहिल्या भागाच्या हस्तलिखितातून, लाल पेनने, लांबण लागते म्हणून. ती पानं मालकांपर्यंतही पोचली नव्हती. सरांखेरीज ती वाचली होती दोघींनीच. एक ती स्वतः, आणि दुसऱ्या, सरांचं गिचमिड लिखाण सुवाच्य उतरवून देणाऱ्या काकू.

म्हणजे घरचाच भेदी. तिला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. नको होतं तर तेव्हाच नाही म्हणायचं होतं. असं कार्डांआडून दगड मारायचे कशाला? कार्ड पर्समध्ये टाकून ती त्याच दुपारी निघाली. वाटेत तिने चार वाक्यं पाठ केली, आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांतली तीन विसरली.

दार काकूंनीच उघडलं. पायात चपला, हातात पिशवी. तिच्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "कोण पाहिजे?"

"काकू, मी."

"अगं, तू होय! आवाजावरून ओळखलं बघ. मोतीबिंदू पिकलाय दोन्ही डोळ्यांत. माणसं म्हणजे नुसते डाग दिसतात."

"मग वाचणं-लिहिणं?"

"वर्ष झालं सुटून. यांच्या गोळ्यासुद्धा चाचपून देते."

पाठ केलेलं चौथं वाक्यही गेलं. काकू नाहीत, तर मग कोण? एक विचारायचं होतं, असं ती चाचरत म्हणाली. काकूंना घाई होती.

"आल्यावर विचार गं. चारला पेटी उघडतात, त्याआधी पोस्टात जाऊन यायचंय. यांचं झालं असेल तर तेवढं आतून आणून दे."

आतल्या खोलीत सर खिडकीपाशी बसले होते. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला, डाव्या हातात पेन्सिल. शेजारच्या फळीवर तिनेच आणलेल्या प्रती रचलेल्या होत्या आणि आठवी त्यांच्यासमोर उघडी होती, शेवटी कार्ड फाडल्याची कड दिसत होती. पोस्टमनकडे बघावं तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि कार्ड पुढे केलं. त्यावर उतरत्या ओळींत लिहिलं होतं, "नदीचं प्रकरण छान आहे. ज्याने लिहिलं त्याने आपल्या नावाने लिहावं. पण पहिला भाग ज्यांनी लिहिला, त्यांना मला एकदा भेटायचं आहे. पत्ता कळवा."