बाबा घरी गेले

“बाबा घरी गेले!” प्रार्थना संपल्यावर मी पास्टरबाईंना इंग्रजीत सांगितलं, तेव्हा माझा आनंद लपत नव्हता. महिनाभर बाबा मिरजेच्या दवाखान्यात आणि मी इथे अमेरिकेत, या लुथरन विद्यापीठाच्या हॉस्टेलवर. काल आईचा फोन आला, बाबांना घरी आणलं म्हणून.

पास्टरबाईंचा चेहराच पडला. माझे दोन्ही हात धरून, डोळे मिटून त्यांनी बाबांना देवाच्या हवाली केलं. शेजारच्या बाकावरची माझी लॅब पार्टनर तर रडायलाच लागली.

“अहो, डिस्चार्ज मिळालाय त्यांना!” मी ओरडलेच. मग उलगडा झाला. कुणी वारलं की आपण ‘देवाघरी गेले’ म्हणतो, इथे चर्चमध्ये नुसतं ‘घरी गेले’ म्हणतात. आम्ही तिघी पोट धरून हसलो.

बाहेर पडल्यावर बर्फातच उभी राहून मी ही सगळी गंमत आईला फोनवर सांगितली. आई हसली नाही.

“उद्याचा तुझा पेपर होऊ दे म्हटलं होतं,” ती म्हणाली. “डॉक्टरच म्हणाले गं, आता घरी न्या.”