खाटेशेजारची ट्रेडमिल

दुकानदार कधी सायकल दाखवत होता, कधी वल्ही मारायचं यंत्र. पण थापाड्या वसंताण्णांचा प्रश्न एकच: "व्यायाम करता करता मारलेल्या थापा शेजारच्या खाटेवर ऐकू येतील ना?" शेवटी सर्वांत कमी आवाजाची ट्रेडमिल घरी आली.

अंथरुणाला खिळलेल्या बायकोला थापांतून सोबत घेऊन अण्णांचं रोजचं फिरणं पुन्हा सुरू झालं.

"तळं आलं बघ! बगळ्यानं मासा धरला, अन् माशानं बगळ्याचा चष्मा पळवला!"

ती हसायची.

एका सकाळी अण्णा पट्ट्यावरून म्हणाले, "कट्ट्यावर करंदीकर भेटले. तुझी चौकशी करत होते."

"अहो, करंदीकर दिवाळीतच गेले ना?"

अण्णांचा पाय अडखळला.

ती म्हणाली, "असू द्या. उद्या भेटले तर सांगा, माझी जागा धरून ठेवा म्हणावं. मी निघालेच आहे."