चष्म्याला छज्जा

"हे काय आहे?" परीक्षक साहेबांनी ती काळी वस्तू चिमटीत धरून विचारलं. "लाच देताय मला?"

"लाच नाही साहेब, सावली आहे," ती म्हणाली. "चष्म्याला अडकवायची. डोळ्यांवर ऊन येत नाही."

साहेबांनी ती सावली डॅशबोर्डवर टाकली आणि शेजारच्या सीटवर बसून मांडीवर वही उघडली. "उमेदवाराने फक्त बस चालवायची. तिसरी वेळ आहे तुमची. चौथी नसते, ठाऊक आहे ना?"

ठाऊक नसायला काय झालं? बस-ड्रायव्हरच्या परीक्षेला तीनच संधी मिळत. दोन हातच्या गेल्या होत्या आणि त्याही एकाच ठिकाणी. उगवतीकडे जाणारा लांबलचक सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला बेकरीचं वळण. दोन्ही वेळा ती त्या वळणाच्या तोंडाशी थांबली. दोन्ही वेळा साहेबांनी वहीत शेरा मारला, 'विनाकारण थांबली.' माणूस आडवा आला होता साहेब, असं ती जीव तोडून सांगत होती. "सगळे हेच म्हणतात," असं म्हणून साहेबांनी सही ठोकली होती.

घरी धाकट्या भावाने तोडगा काढला. "ताई, या वेळी थांबायचंच नाही. काय वाट्टेल ते होवो, गाडी सरळ काढायची." शेजारणींनी तर निकालच लावला, की पोरगी घाबरट आहे, तिच्याच्याने बस होणार नाही. ऐकून ऐकून तिलाही शंका यायला लागली. खरंच होतं का कोणी तिथे, की आपलीच भीती रस्ता ओलांडत होती?

मग एके दिवशी भांडी विसळता विसळता तिला आठवलं. दुसऱ्या परीक्षेत त्या वळणावर साहेब चष्म्यावर हात धरून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ड्रायव्हरच्या डोक्यावर ऊन अडवणारी फळी होती. साहेबांच्या बाजूला तशा फळीच्या स्क्रूंची दोन भोकं तेवढी उरली होती.

तिचे बाबा चष्मे दुरुस्त करत. ती तशीच ओल्या हातांनी त्यांच्या टेबलापाशी गेली आणि तिने काय हवंय ते सांगितलं.

"अगं, तुझे डोळे ठणठणीत," बाबा म्हणाले. "कोणाच्या नाकावर बसवायचा हा छज्जा?"

"मला नापास करणाऱ्याच्या."

बाबा इतके हसले, की त्यांना स्वतःचाच चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग दोन दिवस खपून त्यांनी तो बनवला. पातळ काळं प्लॅस्टिक, दोन्ही बाजूंना छोटे पडदे आणि मागे फ्रेमला धरणारे दोन चिमटे. आणि आता तोच छज्जा डॅशबोर्डवर पडून होता. बाबांची मेहनत पाण्यात गेली म्हणून तिचा जीव हळहळला.

बस निघाली. सिग्नल, चौक, पूल, सगळं बिनबोभाट पार पडलं. सरळ रस्ता लागला तसं ऊन समोरून आत घुसलं. साहेबांनी आधी मान वळवली. मग वही कपाळावर धरली. मग उगाच खाकरले. तिने रस्त्यावरून नजर हलवली नाही.

"बघू तरी, काय उद्योग करून आणलाय," साहेब पुटपुटले. आणि कट्‌ असा चिमट्याचा आवाज झाला. तिला हसू फुटणार होतं, ते तिने कसंबसं गिळलं.

वळण आलं. बेकरीसमोरच्या फुटपाथवरून एक आजोबा काठी टेकत खाली उतरले. भावाचं बोलणं तिच्या कानात घुमलं. स्टिअरिंग जरासं उजवीकडे घेतलं असतं तर आजोबांना वळसा घालून बस निघून गेली असती आणि सोबत नोकरीही पदरात पडली असती. पण पाय ब्रेकवर गेला तो गेलाच. बस थांबली.

साहेबांचं पेन सवयीने वहीवर टेकलं. 'विना' एवढं लिहूनही झालं. मग पेन अडलं.

आजोबा बसच्या नाकासमोरून चालले होते, अगदी निवांत, रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखे. साहेबांनी छज्जा काढला. समोर नुसता पांढरा उजेड. आजोबा नाहीत, रस्ता नाही, बेकरीसुद्धा नाही. त्यांनी छज्जा परत लावला. आजोबा होते तिथेच होते, दोन पावलं पुढे.

"मागच्या वेळी?" साहेबांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"एक बाई होत्या. बाबागाडी घेऊन."

"आणि त्याच्या आधी?"

"रंगारी होता. खांद्यावर शिडी."

तिला खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडावंसं वाटलं. ती घाबरट नव्हती! तिचे डोळे खरे होते, तिचा पाय खरा होता, तिन्ही वेळा. आजोबांनी पलीकडच्या फुटपाथवर पोचून तिला काठी उंचावून दाखवली आणि तिने दोनदा जोरात हॉर्न वाजवून त्यांना उत्तर दिलं.

शेजारी वहीची पानं मागे मागे उलटत होती. नावं वेगळी, तारखा वेगळ्या, वळण तेच, शेरा तोच. साहेबांचे ओठ मोजता मोजता हलत होते. शेवटी त्यांनी वही मिटली आणि डोळ्यांवरचा छज्जा नीट बसवला.

"गाडी ऑफिसकडे घ्या, ड्रायव्हर," ते म्हणाले. "मला नऊ जणांना परत बोलवायचंय."