लाल खूण

रक्त किती वेळात गोठतं, याचा वडिलांचा रिपोर्ट मुलाने डॉक्टरांपुढे स्वतःच्या प्रगतिपुस्तकासारखा ठेवला. "एकही लाल खूण नाही. सगळं नॉर्मल." मास्तरांच्या या मुलाला लहानपणापासूनच लाल शाईचं वावडं; आकडा छापील मर्यादेबाहेर गेला, की तो रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर कमी करायचा. डॉक्टरांनी चष्मा काढला. "नॉर्मल तुमच्या-माझ्यासाठी. त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, रक्त उशिराच गोठायला हवं. नाहीतर गुठळी मेंदूत जाते. गोळी कुणी कमी केली?" बाहेर बाकावर वडील बसले होते. जन्मभर मुलाचे कान पिळणारे मास्तर आज म्हणाले होते, "गाढवा, तुझ्या कागदावर लाल नाही? डॉक्टरांना हो म्हणू दे, पाठ थोपटतो." मुलगा धावत बाहेर आला. वडिलांनी उजवा हात उचलू पाहिला. तो मांडीवरून हललाच नाही.